आखणीचा रविवार

रुचिरा मला पहिल्या क्षणापासून आवडली नाही. तिच्यात काही वाईट होतं म्हणून नव्हे. वाईट असतं तर माझं काम सोपं झालं असतं. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिने छत्री उघडली, ती आधी तेजूच्या डोक्यावर धरली आणि मग माझ्याकडे बघून हसली.

"बकुळाताई ना? तुमच्याबद्दल किती ऐकलंय मी!"

मी तिच्याबद्दल एक अक्षर ऐकलेलं नव्हतं.

"ही रुचिरा," तेजू म्हणाली. "म्हटलं, हिलाही दाखवू आपली रत्नागिरी."

आपली म्हणजे तुझी नि माझी, का तुझी नि हिची, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळची वेळ, पाहुणी दारात, म्हणून गिळलं.

गणपतीच्या आधीचा रविवार हा वर्षानुवर्षं आम्हा दोघींचा असतो. आमची खालच्या आळीत गणपतीची चित्रशाळा आहे. बाबांच्या मागे मूर्तींचं काम आता माझा भाचा अजिंक्य बघतो, पण डोळे मीच आखते. आखणीला दुसऱ्या कोणाचा ब्रश लागलेला मला खपत नाही. आणि आखणीची आमच्याकडे एक रीत आहे, बाबांनी घालून दिलेली: ज्या घरचा गणपती, त्या घरचं माणूस मूर्तीसमोर बाकावर येऊन बसायचं, आणि त्या माणसावर नजर धरून डोळे आखायचे. म्हणजे देव घरी गेल्यावर परक्यासारखा बघत नाही. इतर चित्रशाळांतले लोक याला हसतात. हसोत बापडे. तेजूच्या घरच्या गणपतीसमोर तेजू बसते, शाळेत होतो तेव्हापासून. ती मुंबईत नोकरीला लागली, आई-वडील गेले, घराला कुलूप लागलं, तरी गणपती चुकला नाही आणि हा रविवारही चुकला नाही. सकाळी ती उतरायची, दिवसभर आम्ही दोघी गावभर भटकायचो, खायचो, जुन्या गल्ल्यांतून उगाच हिंडायचो, आणि संध्याकाळी तिच्या गणपतीचे डोळे. कामाच्या ऐन गर्दीत मी एक अख्खा दिवस पळते म्हणून अजिंक्य दर वर्षी ओरडतो. मी दर वर्षी ऐकून घेते आणि जाते.

तेजूने लग्न केलं नाही. माझं घरच्यांनी करून दिलं, संगमेश्वरला. नवरा मुंबईला कामाला गेला, तिथेच त्याने दुसरं घर मांडलं आणि मी माझी ट्रंक घेऊन माहेरी परत आले. तेव्हापासून तुझं कोण आहे असं कोणी विचारलं तर मी तोंडाने भाऊ सांगते, भाचा सांगते, पण मनात पहिलं नाव तेजूचं येतं. तिच्या घराची चावी माझ्याकडे असते. पावसाआधी कौलं मी शाकारून घेते. "नोकरी संपली की मी कायमची येणार, बकू," असं ती मला मांडवीच्या जेटीवर बसून किती वर्षं सांगत होती. "मग आपण रोज फिरू. रोज रविवार."

तिची नोकरी या मे महिन्यात संपली. म्हणजे या वर्षी ती मला तारीख सांगणार, हे मी धरून चालले होते. त्यासाठी मी नवी साडी नेसले होते. आणि ती बरोबर ही बाई घेऊन आली.

पहिल्यांदा गेलो काशीकाकूकडे. काशीकाकू पडवीत चार बाकडी टाकून सकाळचं खायला देते आणि रविवारी खापरोळ्या करते. तिने आम्हाला लांबून बघितलं आणि सवयीने दोन ताटल्या घेऊनच बाहेर आली. मग थबकली.

"तिसरी कोण गो?"

"ही आमची रुचिरा," तेजू म्हणाली.

आमची. मी ताटलीत बघत राहिले. नारळाच्या गोड रसात खापरोळी फुगत होती आणि माझं तोंड कडू झालं होतं. मनात म्हटलं, आता ही मुंबईकरीण फोन काढेल, ताटलीचे फोटो काढत बसेल, आणि मला निदान मनातल्या मनात तोंडसुख घेता येईल. तिने फोन काढलाच नाही. हाताने खाल्लं, बोटं चाटली, आणि काशीकाकूला विचारलं, "हे तव्यावर नाही ना केलेलं? जाळी वेगळी पडलीय."

काशीकाकू खापरोळीचं पीठ कसं करते, हे मी विचारून विचारून थकले. "करते बाय कशीतरी," एवढंच ती मला आजवर सांगत आली. त्या दिवशी तिने रुचिराचा हात धरला आणि तिला सरळ आत चुलीपाशी नेलं. मातीचं खापर दाखवलं, पीठ दाखवलं, मेथी किती घालते तेसुद्धा सांगितलं. मला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"हिचं असंच आहे," तेजू कौतुकाने म्हणाली. "कोणीही दोन मिनिटांत हिला आपलं करून टाकतं."

"बरं आहे की," मी म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तेजूला तो दिसला नाही. माझी ताटली तशीच राहिलेली तिला पूर्वी लगेच दिसली असती.

पुढे आळीच्या टोकाला मारुतीचं देऊळ. त्याच्या सभामंडपात वर लाकडी फळ्यांवर बाबांनी दशावतार रंगवलेले आहेत. रंग जुने झालेत, मत्स्याचं शेपूट पाण्याने पुसलं गेलंय, पण बाकी सगळं शाबूत. तेजू दर वर्षी खालून हात जोडते, "काय काम केलंय गो तुझ्या बाबांनी!" म्हणते आणि पुढे निघते. यंदाही म्हणाली. रुचिरा मात्र मान वर करून एकेका चित्राखाली उभी राहात गेली. वामनाखाली ती पुष्कळ वेळ थांबली.

"हा वेगळ्या हाताचा आहे," ती म्हणाली.

पुढे निघालेली तेजू मागे वळून आली.

"बघ ना, तेजा. बाकीचे सगळे सवयीच्या हाताने झरझर काढलेत. याची बोटं बघ. एकेक बोट जपून काढलंय. काढणारं माणूस घाबरलेलं होतं, पण जीव लावून काढत होतं."

तो वामन माझा आहे. बाबा तापाने पडले होते, देवळाचा उत्सव तोंडावर, आणि मी चौदा वर्षांची. झाडावर पोरं चढवतात तसं मला आईने परांचीच्या फळीवर चढवलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण बाबांचं काम म्हणून नावाजलं जातंय त्यात आपली लुडबुड कशाला.

"माझा आहे तो," मी म्हणाले.

"काय सांगतेस!" तेजू ओरडली. "मला कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस."

रुचिरा माझ्याकडे वळून म्हणाली, "मला तोच सगळ्यांत आवडला." आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचाच राग आला. जे तेजूने इतक्या वर्षांत बघायला हवं होतं, ते या बाईने देवळाबाहेर काढलेली ओली चप्पल वाळायच्या आत बघितलं होतं. मला माझं चित्र तेजूने ओळखायला हवं होतं. हिच्याकडून ती दाद घेऊन मी काय करू?

आणि ते "तेजा". तेजू हे नाव मी ठेवलेलं, बालवाडीत. तिच्या घरात सगळे तिला तेजस्वी म्हणत, मलाच ते म्हणता यायचं नाही. आता या बाईने त्याची तेजा केली होती आणि तेजू त्या हाकेला ओ देत होती.

राम आळीत पाऊस उघडला. तिथे अजून काही दुकानं जुन्या धर्तीची आहेत, रात्री एकेक लाकडी फळी खाचेत बसवून बंद करायची. विनोदचं बांगड्यांचं दुकान त्यातलंच. त्याच्या पायरीवर रुचिरा बसली, पिशवीतून चित्रवही आणि रंगांची छोटी डबी काढली. मुंबईत दर रविवारी यांचा एक गट असाच जुन्या रस्त्यांवर बसून चित्रं काढतो, आणि तेजू तिथेच तिला भेटली, हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षं झाली होती म्हणे. तीन वर्षं मुंबईचे रविवार हिचे होते आणि मी इकडे वर्षातल्या एका रविवारासाठी दिवस मोजत होते.

"तू पण चित्रं काढतेस?" मी तेजूला विचारलं.

"छे गो! मी नुसती बसते बाजूला. मला आवडतं हिच्याबरोबर गप्प बसायला."

माझ्याबरोबर ती कधी गप्प बसली नव्हती. आम्ही दोघी भेटलो की बोलतच सुटायचो. मला तोपर्यंत वाटत होतं की मैत्री म्हणजे तेच.

बघता बघता पायरीभोवती माणसं जमली. विनोदने आतून स्टूल आणलं, चहा सांगितला. या विनोदच्या दुकानाची पाटी मी रंगवते, दिवाळीच्या आधी दर खेपेला त्यावर नवा हात मारते, आणि याने मला कधी पाण्याला विचारलं नव्हतं. आता तो पुढे वाकून म्हणत होता, "हुबेहूब हो! काय हात आहे मॅडमचा!"

"तेजा, जरा तिथेच उभी राहा. हलू नको."

तेजू फळीला टेकून उभी होती. कंटाळली की ती एका पायावर भार टाकते आणि दुसऱ्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत राहते. लहानपणापासूनची खोड. रुचिराने चार रेघांत तो पाय काढला, तो कललेला खांदा काढला, आणि कागदावर तेजू उभी राहिली. तोंड काढलंच नव्हतं, तरी ती तेजूच होती.

मी वाकून बघितलं आणि मला चटका बसला. मी आयुष्यभर देवांचे चेहरे रंगवत आले. तेजूला मी एकदाही काढलं नव्हतं. मला कधी सुचलंच नाही. आपल्या माणसाला काय काढायचं, ते तर समोर असतंच, असं मी समजत होते. आणि ही बाई तीन वर्षांत तो अंगठासुद्धा पाठ करून बसली होती.

"कसं झालंय?" रुचिराने मलाच विचारलं.

"पाय थोडा लांब झालाय," मी म्हणाले. झाला नव्हता.

जेवायला मांडवीला तुळसाच्या खाणावळीत गेलो. श्रावण सरायचा होता. चित्रशाळेत काम चालू असेपर्यंत मी माशांना शिवत नाही आणि आखणीच्या दिवशी तेजूही कधी शिवली नाही. रुचिरा शहाण्यासारखी म्हणाली, "मग मीही अळूचं फदफदं आणि भातच घेते." पण तेजूच मध्ये पडली.

"अजिबात नको. बांगडा खायचा म्हणून वर्षभर माझं डोकं खातेस. तुळसा, हिला बांगडा दे गो, तळलेला."

बांगडा आला. मी आणि तेजू भात कालवत होतो. रुचिराने काटा काढून एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तेजा, हे तू खाल्लं नाहीस तर पाप लागेल." आणि तेजूने हात पुढे केला, तिच्या ताटातला, तिच्या बोटांनी मोडलेला तुकडा उचलला आणि खाल्ला.

माझा घास हातातच राहिला. प्रश्न बांगड्याचा नव्हता. तेजू कोणाचं उष्टं खात नाही. माझ्या बाटलीतलं पाणीसुद्धा ती वरून ओतून पिते. लहानपणी माझ्या हातातली अर्धी कैरीसुद्धा तिने दुसऱ्या बाजूने कापून घेतली होती.

"श्रावण ना गो?" मी म्हटलं.

"एक तुकडा तर आहे!" ती हसली. "गणपतीला माहितेय मी कशी आहे ती."

तुळसा ताक वाढायला आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता माझ्या वाटीत ताक ओतून निघून गेली. बहुतेक माझं तोंड बघण्यासारखं झालं असावं.

जेवून जेटीवर गेलो. रुचिरा म्हणाली, "मी जरा पुढे जाऊन होड्या बघते," आणि एकटीच चालत टोकापर्यंत गेली. तिची ती समजूतदार पाठ बघितली आणि माझ्या लक्षात आलं की हे ठरवून चाललंय.

"बकू," तेजू म्हणाली, "दिवाळी झाली की मी येतेय. कायमची."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते वाक्य आलं. मी तिचा हात धरला. दुसरं वाक्य यायच्या आत मला तेवढं एक तरी घट्ट धरून ठेवायचं होतं.

"आणि रुचिराही येतेय. तिचा नवरा गेल्यापासून एकटीच असते ती. मुलगा परदेशात. आम्ही दोघी राहणार घरात. तिला पुढची खोली चित्रांसाठी देणार आहे, उजेड चांगला येतो तिथे."

पुढच्या खोलीत उजेड चांगला येतो, कारण त्या खिडकीवरची वेल मी दर वर्षी छाटते.

"आणि मी?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

तेजूला प्रश्न कळलाच नाही. खरंच कळला नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. "तू आहेसच की गो! हाकेच्या अंतरावर!"

हाकेच्या अंतरावर. शेजारीण असते ती हाकेच्या अंतरावर. रिक्षावाला असतो. मी हात सोडवून घेतला आणि पदराने तोंड पुसलं, वाऱ्याने खारं पाणी उडत होतं असं दाखवत.

"आणखी एक," ती म्हणाली. "घराची चावी रुचिराकडे देशील? दिवाळीआधी ती येऊन रंगकाम करून घेणार आहे. तुला उगाच दगदग नको."

"दगदग कसली," मी म्हटलं. "मला काय दुसरं काम आहे?"

"तसं नाही गो बकू."

"कसं आहे मग?"

रुचिरा परत येत होती आणि तेजू तिच्याकडे बघत होती. मी पिशवीतून चावी काढली, तिला बांधलेला माझा लाल दोरा दाताने तोडून घेतला आणि चावी रुचिराच्या हातावर ठेवली. ती "थँक्यू, बकुळाताई" म्हणाली. इतक्या आपुलकीने म्हणाली की मला तिला खाडीत ढकलावंसं वाटलं.

संध्याकाळी मी त्यांच्या आधी चित्रशाळेत येऊन बसले. तेजूचा गणपती तिच्या घरच्या पाटावर तयार होता, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. अजिंक्यने मूर्ती वळवून बाकासमोर ठेवली आणि तो आतल्या मूर्तींकडे गेला. माझ्या डोक्यात दिवसभराचं सगळं गरगरत होतं, पण एक गोष्ट मी धरून ठेवली होती. बाकावर तेजू बसेल. बाकी काही होवो, बाकावर ती एकटी असेल, आणि तेवढा वेळ तिच्यात आणि माझ्यात दुसरं कोणी नसेल.

त्या दोघी आल्या आणि दोघी बाकावर बसल्या.

"घरचं माणूस बसतं तिथे," मी म्हणाले.

"हो ना," तेजू म्हणाली. "दोघींवर धर नजर. आता हीही घरचीच."

"मासे खाऊन?"

"आंघोळ करून आलोय दोघी. केस बघ, ओले आहेत." तेजूचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. रुचिरा उठायला लागली तर तेजूने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

मी स्टूल ओढलं, मूर्तीसमोर जवळ बसले आणि ब्रश घेतला. आखणी करताना बोलायचं नसतं, श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. आधी पापणीची रेघ, मग बुबुळाचा तपकिरी गोल, मग मधला काळा. मान वळवून बाकाकडे बघायचं, परत मूर्तीकडे, परत बाकाकडे. त्या दिवशी मी किती वेळा मान वळवली, मला आठवत नाही. बहुतेक वळवलीच नाही. मला त्या दोघींना एकत्र बघायचं नव्हतं. शेवटी दोन्ही काळ्यांत पांढरा ठिपका दिला, ब्रश पाण्यात टाकला आणि बाजूला झाले.

डोळे सुंदर झाले होते, जिवंत. रुचिराच्या तोंडून "अहाहा!" निघालं.

तेजू मात्र बाकावरून एकटक बघत राहिली. थोडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे.

"बकू," ती म्हणाली, "हा आमच्याकडे बघत नाहीये."

ती उठली, चार पावलं पुढे आली, वाकून बघितलं. मग माझ्या स्टुलावर बसली आणि तिथून तिने मूर्तीच्या डोळ्यांत बघितलं. बघतच राहिली.

"इथे बघतोय," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून वाकले. बुबुळं आतल्या बाजूला कणभर कललेली होती, जवळचं बघताना कलतात तशी. नजर बाकापर्यंत पोचतच नव्हती. माझ्या स्टुलावर थांबत होती. तो देव त्या घरच्या दोघींना सोडून आखणाऱ्या बाईकडे बघत होता.

मी मुद्दाम केलं नव्हतं. देवाशपथ सांगते, नव्हतं केलं. बाबांच्या हाताखाली बसले तेव्हापासून अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती, आणि नवशिक्याच्या हातून झाली असती तर मी त्याला बोल बोल बोलले असते. मी दिवसभर जळत होते, तोंडावर हसू ठेवून जळत होते, आणि ते सगळं माझ्या हातातून उतरून त्या दोन डोळ्यांत जाऊन बसलं होतं. मला त्या घरचं व्हायचं होतं. बाकावर मला बसायचं होतं. तोंडाने एवढं बोलायची हिंमत झाली नाही ते आता मूर्तीच्या कपाळाखाली सगळ्यांना दिसेल असं उघडं पडलं होतं.

तेजूला ते कळलं. जेटीवर कळलं नव्हतं ते आता कळलं. ती स्टुलावर बसून माझ्याकडे वर बघत होती आणि मी तिच्याकडे. मला वाटलं, आता ती माझा हात धरेल.

"असू दे ना, तेजा," रुचिरा बाकावरून म्हणाली. "किती छान झालेत डोळे. राहू दे असेच. मला काही वाटणार नाही."

तिलाही कळलं होतं. आणि ती माझी बाजू घेत होती. त्या दिवसात तिने केलेल्या सगळ्या चांगुलपणात हा एक मला सर्वांत जास्त झोंबला. माझ्यासाठी तेजूकडे रदबदली करणारी ही कोण?

तेजू उठली.

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, दोघी रडलो असतो आणि निभावून गेलं असतं. "पूस, बकू. आमच्या घरी बसणार तो. आमच्याकडे बघायला हवा."

ती परत बाकावर जाऊन बसली. मी ओल्या कापसाने टिपून टिपून दोन्ही डोळे काढून टाकले आणि वर पांढरा हात दिला. तो वाळेपर्यंत आतून अजिंक्यच्या रेडिओचा आवाज येत होता. मूर्ती परत आंधळी झाली आणि माझ्याकडे बघायचं कोणी उरलं नाही.

मग मी स्टूल ओढलं आणि या खेपेला नीट मान वळवून बाकाकडे बघितलं, कामाच्या नजरेने. दोघी अवघडून बसल्या होत्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. माझी लाज राखायला सोडली असावी. ती जागा माझ्या मापाची होती. पण मी तिथे जाऊन बसले तर आखणार कोण? आणि अशा बसलेल्यांवर नजर धरली तर ती दोघींपैकी एकीवरही पडत नाही, मधल्या रिकाम्या फळीवर पडते.

"जवळ बसा," मी म्हणाले.

रुचिरा थोडी सरकली. तेजू थोडी सरकली.

"एवढ्याने नाही होत. अजून जवळ," मी म्हणाले. "खांद्याला खांदा लागायला हवा. दोघी एका नजरेत यायला हव्यात."

त्या सरकल्या, आणि मी ब्रश उचलला.